जुन्या सागवानी खिडक्या कमी खर्चात कशा नीट करायच्या?

चिपळूणला आजोबांच्या वेळचं घर आहे, खिडक्या सागवानी पण ऑइलपेंटचे थरावर थर बसलेत, पावसात फुगल्यात त्यामुळे लागतच नाहीत, गजही गंजलेत. सुतार म्हणतो काढून टाका, स्लायडिंग बसवा. मन होत नाही हो. बजेट जेमतेम आहे, काय करू?

कोकणकर:
अहो साग काढू नका प्लीज, तसं लाकूड आता परवडणार नाही. आत्ता रंधाही मारू नका, दिवाळीनंतर लाकूड सुकलं की बऱ्यापैकी आवळतं, तरी चौकटीला घासत असेल तरच कडेला थोडा रंधा मारा. गज तारेच्या ब्रशने घासून रेड ऑक्साइड (गंज रोखणारा प्राइमर), वर इनॅमल. बिजागऱ्यांत तेल सोडा.

रंगकाम_पुणे:
महत्त्वाचं, जुन्या रंगात शिसं असू शकतं (९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची, मर्यादा २०१७ पासून लागू झालीय), म्हणून कोरडं घासू नका, पाणी मारत वॉटर पेपरने घासा, मास्क लावा आणि लहान मुलांना लांब ठेवा. साग चांगला निघाला तर रंग कशाला, जवसाच्या तेलात थोडं टर्पेंटाइन घालून फडक्याने पातळ हात चोळा, रेषा काय सुंदर उठून दिसतात! फक्त ती तेलकट फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेट घेतात, पाण्यात भिजवा.

सईची_आई:
पडद्यांना जुन्या सुती साड्या वापरा ताई, काठ खाली येईल असा शिवायचा आणि पडदा अर्ध्या खिडकीलाच, म्हणजे वरून उजेड येतो.