मस्टँगला एकसंध शाफ्ट: माझा विरोध आहे, निदान गोव्यातल्या रस्त्यांसाठी तरी

मांडवीकाठ

पर्वरीतल्या एका मित्राकडे मस्टँग जीटी आहे, पाच लिटरची व्ही8. नव्वद-शंभरच्या वेगाला गाडीच्या पोटातून गुणगुण येते आणि सीटखाली बारीक थरथर लागते. लिफ्टवर घेतली तेव्हा शाफ्टला मध्ये आधार देणाऱ्या सेंटर बेअरिंगभोवतीचं रबर चिरलेलं दिसलं. आता तो मूळ दोन तुकड्यांचा प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडा) काढून अमेरिकेतून ॲल्युमिनियमचा एकसंध शाफ्ट मागवायला निघालाय. आमच्यातले बरेचजण त्याला "घालच, गाडी सुसाट सुटेल" म्हणून भरीला घालताहेत. मला हे अजिबात पटत नाही.

आधी पिकअपचं बोलू. समजा नवा शाफ्ट दहा किलोने हलका आहे. पण हे वजन फिरतं कुठे? मध्यापासून जेमतेम चार सेंटिमीटरवर. 3.55 चं डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना ताकद वाटणारी गिअरपेटी; चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे 3.55 फेरे) आणि मस्टँगच्या टायरचं माप धरून हिशोब केला तर फिरण्यातला फायदा गाडी आणखी पावणेदोन किलोने हलकी होण्याइतका निघतो. म्हणजे सगळे मिळून पावणेबारा किलो, तेही सतराशे किलोंच्या पुढच्या गाडीत. टाकीत सोळा लिटर पेट्रोल कमी भरलं तरी तेवढंच साधतं.

मग ताकदीचं. भारतात आलेल्या गाडीचा टॉर्क 515 न्यूटन-मीटर. सहा गिअरच्या ऑटोमॅटिकचा पहिला गिअर 4.17 चा, म्हणजे शाफ्टवर कागदोपत्री 2,150 च्या आसपास यायला हवेत. पण प्रत्यक्षात तेवढे येतच नाहीत. मागच्या चाकांवर साडेनऊशे किलो भार धरला आणि कोरड्या डांबरावर चांगला रोड टायर धरला, तर शाफ्टवर नऊशेच्या आसपास पोचल्यावर टायर घसरायला लागतो. जून-जुलैच्या ओल्या रस्त्यावर साडेपाचशेलाच. इथे टायर हाच फ्यूज आहे, शाफ्टच्या आधी तो उडतो. स्टॉक, म्हणजे कंपनीने दिलं तसंच इंजिन आणि रोड टायर असताना मूळ शाफ्ट तुटेल ही भीती निराधार आहे.

आणि कंपनीने दोन तुकडे काय हौस म्हणून केले? लांब नळी एका ठरावीक वेगाला धनुष्यासारखी वाकून घुमायला लागते. दोन्ही टोकं टेकलेली धरून ढोबळ हिशोब केला, तर दीड मीटर लांबीची आणि तीन इंच व्यासाची स्टीलची नळी 5,700 आरपीएमच्या आसपास तिथे पोचते. लांबी निम्मी केली की हाच आकडा चौपट होतो. म्हणून मध्ये बेअरिंग देऊन तुकडे करतात, आणि ते रबरात बसवतात म्हणून थरथर केबिनपर्यंत येत नाही. "ॲल्युमिनियम घातलं की प्रश्न मिटला" हेही अर्धसत्य. वजनाच्या मानाने ताठपणा पाहिला तर स्टील आणि ॲल्युमिनियम जवळजवळ सारखेच आहेत. फरक पडतो तो ॲल्युमिनियमची नळी जाड व्यासाची करता येते म्हणून.

दुखणं बेअरिंगचं आहे. ते बदला, शाफ्ट बॅलन्स करून घ्या, उरलेल्या पैशांत चांगले टायर घाला. सबंध शाफ्ट बदलणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

वेर्णा_व्ही8

मांडवीकाठबाब, हिशोब चोख आहे, पण तो एकसारख्या जोराचा. शाफ्ट तुटतो तो झटक्याने. चाक फिरत असताना अचानक पकड मिळाली की फिरणाऱ्या सगळ्या वजनाचा दणका एका क्षणात शाफ्टवर आणि जॉइंटवर येतो, आणि तो नऊशेवर थांबत नाही. पावसाळ्यात हे इथे रोज घडू शकतं. ओल्या पट्ट्यावर चाक घुमलं आणि पुढच्या कोरड्या काँक्रीटवर चावलं, एवढं पुरतं.

माझ्या गाडीला सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप) आहे. आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅगसाठी, म्हणजे सरळ पट्ट्यावरच्या शर्यतीसाठी उतरतो तेव्हा मऊ टायर असतात, तुमचा फ्यूज तिथे उडत नाही. त्यात सुट्या बेअरिंगची चौकशी केली तर काउंटरवर "पूर्ण शाफ्टच घ्यावा लागेल" असं ऐकवलं. फोर्डने 2021 मध्ये इथलं उत्पादन थांबवायचं जाहीर केल्यापासून असे पार्ट मिळवणं म्हणजे वाट बघणं. पूर्ण शाफ्टचेच पैसे द्यायचे, तर मजबूत का घेऊ नये?

आणि एकसंध शाफ्ट म्हणजे गॅरेजवाल्यांचं खूळ नव्हे. बीएमडब्ल्यूने एफ80 एम3 ला एकसंध कार्बन फायबरचा शाफ्ट दिला होता, मध्ये बेअरिंगच नाही.

केपेकर

दिला होता, आणि 2017 च्या अखेरीपासून काढलाही. एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारा पार्टिक्युलेट फिल्टर बसवायचा होता, जाड कार्बनच्या नळीमुळे जागा पुरेना, म्हणून स्टीलचा आणला. त्यामुळे गाडी मंदावल्याची तक्रार मी तरी ऐकली नाही. मला यावरून मांडवीकाठ यांचंच म्हणणं खरं वाटतं.

फोंड्याचा_फिटर

दोघेही गाडी लिफ्टवर घेतल्यानंतरचं बोलताय, मी त्याआधीचं सांगतो. थरथर शाफ्टचीच आहे हे कोणी तपासलं का? शंभरला या गाडीचं चाक सेकंदाला तेरा फेरे घेतं आणि शाफ्ट सेहेचाळीसच्या आसपास. फोनवर कंपन मोजणारं ॲप टाका, फोन सीटच्या रुळावर घट्ट बांधा आणि मोकळ्या रस्त्यावर एकाच वेगाने चालवा. ॲपच्या आलेखातलं शिखर सेकंदाला तेराजवळ आलं तर टायर किंवा रिम. सेहेचाळीसजवळ आलं तर शाफ्ट. मग त्याच वेगाला गिअर बदलून इंजिनचा आरपीएम वरखाली करा. थरथर तशीच राहिली तर इंजिनचा दोष नाही. रबर चिरलेलं दिसलं म्हणून गुणगुण त्याचीच, असं धरून चालू नका.

बॅलन्सिंगला लोक फार हलक्यात घेतात. चार सेंटिमीटरवर पाच ग्रॅम जास्त असले तर 6,000 आरपीएमला आठ किलोचा ओढा तयार होतो, सेकंदाला शंभर वेळा दिशा बदलणारा. शाफ्टवर चिकटवलेली पत्र्याची छोटी वजनं याचसाठी असतात. धुताना ब्रशने खरवडून ती उडवलेली गाडी माझ्याकडे आली आहे. नवा शाफ्ट बॅलन्स करून आला, तरी दोन्ही टोकांचे फ्लँज (ज्यांना शाफ्ट बोल्टने जोडतात त्या चकत्या) तुमच्या गाडीचे असतात. बसवल्यावर थरथर आली तर फ्लँजवर एक बोल्ट पुढे फिरवून बसवा आणि परत मोजा. मूळ शाफ्ट उतरवताना दोन्ही बाजूंना रंगाची खूण करा, नाहीतर परत तसाच बसवता येणार नाही. आणि एकदाच वापरायचे बोल्ट परत वापरू नका.

आमच्याकडे खाऱ्या वाऱ्याचाही प्रश्न आहे. मिरामार, वास्को, मोरजी या भागात उघड्यावर उभ्या गाडीत ॲल्युमिनियमचं टोक आणि स्टीलचा फ्लँज जिथे भिडतात तिथे पांढरी भुकटी धरते. हा दोन धातूंतला गंज आहे. कार्बनची नळी आणि ॲल्युमिनियमचं टोक असेल तिथे तर जास्तच काळजी घ्यावी लागते. सांध्यावर संरक्षक थर हवा आणि दर पावसाळ्यानंतर खालून पाहणी हवी. हे करणार नसाल तर स्टील बरं.

आगोंदचा_अभय

एक राहिलं. मित्राने स्प्रिंग बदलून गाडी खाली केली असेल, तर शाफ्टचा कोन बिघडतो. नवा शाफ्ट घातला तरी क्रॉस (शाफ्टच्या जॉइंटमधला कोनात वळणारा भाग) लवकर जाणार.

फोंड्याचा_फिटर

अभयबाब, ते स्कॉर्पिओ किंवा थारसारख्या मागे सरळ एक्सल असलेल्या गाडीला लागू. या पिढीच्या मस्टँगला मागे स्वतंत्र सस्पेन्शन आहे. डिफरन्शियल सबफ्रेमला बांधलेलं असतं, ते चाकाबरोबर वरखाली होत नाही. गाडी खाली केल्याने प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलत नाही, चाकांकडे जाणाऱ्या दोन बाजूच्या शाफ्टचा बदलतो. मधल्या शाफ्टचा कोन बिघडतो तो गिअरबॉक्सचं माउंटिंग बसल्याने. तेही त्याच लिफ्टवर बघून घ्या.

साखळीची_सारथी

इथे सगळे मस्टँगवर बोलताहेत, पण गोव्यात रीमॅप केलेल्या (इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलेल्या) पोलो आणि ऑक्टाव्हियाच जास्त. त्यांना मधला शाफ्टच नसतो, जोर थेट पुढच्या चाकांच्या शाफ्टवर जातो. माझी पोलो 1.2 टीएसआय आहे, मूळ टॉर्क 175. रीमॅपनंतर "मजबूत एक्सल घाल" असा सल्ला मलाही मिळाला. मी नाही घातले. बाहेरच्या जॉइंटचं रबरी बूट फाटलं की आत चिखलपाणी जातं, ग्रीस बाहेर फेकलं जातं आणि स्टिअरिंग पूर्ण वळवून निघालं की कट-कट-कट आवाज येतो. माझ्या कानावर येणाऱ्या अर्ध्या तक्रारी "ताकद वाढवली म्हणून जॉइंट गेला" अशा असतात, पण जॉइंट मेलेला असतो तो फाटक्या बुटामुळे. दर सर्व्हिसला चाकामागे हात घालून बूट चाचपा. चिरा दिसताच बूट आणि ग्रीस बदला, जॉइंट वाचतो. चाक उड्या मारतं तेव्हा मात्र पाय लगेच उचलायचा. त्या दणक्यांनी एक्सल तुटतो हे वेर्णा_व्ही8 यांचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे.

बार्देशकर

कायद्याचं कोणी काढलं नाही म्हणून. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 वर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये सांगितलं, की कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलाशी नोंदणी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. शाफ्टचा उल्लेख आरसीवर नसतो, त्यामुळे म्हापशाच्या आरटीओत कोणी गाडीखाली वाकून बघेल असं नाही. पण विमा कंपनीला कळवलं नाही आणि उद्या अपघात झाला, तर क्लेम अडवायला त्यांना एवढं निमित्त पुरतं. सुपरचार्जरवाल्यांनी तर लेखी कळवावंच.

वेर्णा_व्ही8

विम्याचं बरोबर आहे, मी लेखी कळवलं आहे आणि जादा हप्ता भरतो.

पण माझा मुद्दा अजून तसाच आहे. ज्याची गाडी स्टॉक आहे त्याने बेअरिंग बदलावं, कबूल. मात्र "गोव्यात शाफ्ट अपग्रेडची गरजच नाही" असं सरसकट म्हणू नका. इंजिनची ताकद वाढवून शाफ्ट जुनाच ठेवणारे लोक मला जास्त धोक्याचे वाटतात. पुढचा जॉइंट तुटला तर शाफ्टचं टोक खाली पडून रस्त्यात रुततं आणि गाडी उचलली जाते. म्हणूनच अमेरिकेतल्या एनएचआरए या संस्थेच्या ड्रॅग शर्यतींच्या नियमांत वेगवान गाड्यांना शाफ्टभोवती स्टीलचं कडं सक्तीचं आहे: पाव इंच जाड, दोन इंच रुंद, पुढच्या जॉइंटपासून सहा इंचांच्या आत. मी ते बसवलंय. इथे बऱ्याच जणांनी टर्बो, सुपरचार्जर, नायट्रस सगळं केलंय, पण खाली कडं नाही. पणजीच्या अटल सेतूवर ऐंशीच्या वेगाला हे घडलं तर मागून येणाऱ्या गाडीवाल्याचं काय?

मांडवीकाठ

कड्याबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत. ताकद वाढवलेल्या प्रत्येक गाडीला ते हवंच, शाफ्ट कोणताही असो.

माझा विरोध स्टॉक गाडीत "पिकअपसाठी" शाफ्ट घालण्याला आहे आणि तो कायम आहे. झटक्याचा मुद्दा खरा, पण स्टॉक इंजिनवर तो टाळायचा उपाय उजव्या पायात आहे. ट्रॅक्शन कंट्रोल बंद करून चोर्ला घाटात भर पावसात चाकं घुमवणाऱ्याला कोणताही शाफ्ट पुरणार नाही.

मित्राला फिटरबाबांची फोनवाली चाचणी करायला लावतोय, झुआरी पुलावर पहाटे, रहदारी नसताना. शिखर सेहेचाळीसजवळ आलं तर शाफ्ट उतरवून बेळगावला उद्यमबागेत बॅलन्सिंगला नेऊ, सेंटर बेअरिंग बाहेरून मागवू. तेराजवळ आलं तर मात्र रिम आधी. ऑर्डर तोवर थांबवली आहे.

वेर्णा_व्ही8

आकडे इथे टाका. बेअरिंग बदलल्यावर सहा महिन्यांत रबर पुन्हा चिरलं तर मी याच धाग्यावर परत विचारणार.