स्टीलच्या चकतीवर वाढ शून्य: निकाल धरायचा का?

तापीकाठ, भुसावळ:
नमस्कार मंडळी. दूध संकलन केंद्रातल्या स्टीलच्या टेबलासाठी बेंझाल्कोनियम क्लोराइड तपासतोय. २ सेंमीच्या चकतीवर स्टॅफिलोकोकस ऑरियस या जिवाणूचं ०.०५ मिली सस्पेन्शन (जंतू मिसळलेलं पाणी) वाळवलं, वरून ०.१ मिली जंतुनाशक, ५ मिनिटं. मग चकती सलाइनमध्ये हलवून प्लेटा लावल्या. २०० पीपीएमला शून्य, ५० पीपीएमलाही शून्य. हे खरं धरू का?

प्रयोगशाळा, जळगाव:
नाही भाऊ. चौपट पातळ करूनही आकडा हलत नाही, तिथंच शंका घ्यायची. सलाइनने क्वाट (बेंझाल्कोनियमसारखं क्वाटर्नरी अमोनियम जंतुनाशक) थांबत नाही. ते नळीत आणि प्लेटमधल्या अगारवरही (जंतू वाढवायची जेली) काम करत राहतं. जंतू ५ मिनिटांत मेले की नंतर प्लेटवर अडले, हे कळतच नाही. सलाइनऐवजी १० मिली न्यूट्रलायझर, म्हणजे औषधाचं काम थांबवणारं द्रव, घ्या: ट्वीन ८० ३ टक्के, लेसिथिन ०.३ टक्के. क्लोरीनवालं औषध असेल तर सोडियम थायोसल्फेट ०.५ टक्के. काचेचे मणी टाकून मिनिटभर व्होर्टेक्स करा (यंत्रावर जोरात घुसळा).

न्यूट्रलायझरचीही परीक्षा घ्यावी लागते. त्यात आधी औषध मिसळा, ५ मिनिटांनी मोजके शंभरेक जंतू सोडा. औषध नसलेल्या साध्या नळीच्या तुलनेत निम्मे तरी उगवले पाहिजेत. ही पायरी गाळली तर पुढचं सगळं वाया.

धुळ्याची ताई:
कंट्रोल चकती केली का? औषधाऐवजी तितकंच पाणी टाकून, वाळवल्यानंतरच मोजायची. वाळताना काही जंतू आपोआप मरतात. स्टॅफ तग धरतो, ई. कोलाय आणि स्यूडोमोनास फार लवकर जातात. मे महिन्यात आपल्याकडे चकती उघड्यावर ठेवू नका. पाण्यासारखी चमक गेली, पांढुरकी कडा दिसली की लगेच औषध टाका.

हिशोब असा: कंट्रोलवर २० लाख जंतू म्हणजे लॉग (१० चा घातांक) ६.३०, औषधाच्या चकतीवर १५० म्हणजे २.१८. घट ४.१२; जिवाणूंसाठी ४ लागते. १० मिलीतलं १ मिली लावून काहीच उगवलं नाही, तर ‘शून्य’ नाही, ‘१० पेक्षा कमी’ लिहायचं.

तापीकाठ, भुसावळ:
आभारी आहे. औषध बोअरच्या पाण्यात कालवतो, चालेल?

प्रयोगशाळा, जळगाव:
चाचणीला ३०० पीपीएम कठीणतेचं ठरलेलं पाणीच घ्या. कॅल्शियम-मॅग्नेशियमने क्वाटचा जोर कमी होतो. मळकट स्थितीसाठी सस्पेन्शनमध्येच अल्ब्युमिन (एक प्रथिन) घाला, लिटरला ३ ग्रॅम. आणि टेबल साबणाने धुतलं असेल तर आधी नीट खळखळून काढा. साबण क्वाटला जागेवरच निकामी करतो.