कार्यकर्त्यांना विचारून उमेदवार भलताच येत असेल, तर विचारायचे कशासाठी?

दांडियाबाजारकर

नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ गेली पंचवीस वर्षे एका पक्षाचे बूथवरचे काम करतो. पक्षाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. एक तर प्रश्न त्या एकाच पक्षाचा नाही, आणि दुसरे म्हणजे भावाला अजून तेथेच राहायचे आहे.

बडोद्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगतो. आमच्या महापालिकेत १९ वॉर्ड आहेत आणि प्रत्येक वॉर्डातून चार नगरसेवक निवडून जातात, म्हणजे पक्षाला एकेका वॉर्डात चौघांचे पॅनेल उभे करावे लागते. उमेदवारी ठरवण्याआधी बाहेरगावचे निरीक्षक येतात आणि कार्यकर्त्यांना एकेक करून आत बोलावून त्यांची पसंती विचारतात. यालाच गुजरातेत सगळे 'सेन्स घेणे' म्हणतात. या वेळी आमच्या वॉर्डाचा सेन्स एका मंगल कार्यालयात झाला. भाऊ सकाळी नऊला गेला आणि त्याचा नंबर दुपारी दीडला लागला. दारात चपलांचा ढीग होता, इच्छुकांची माणसे जिन्यावर उभी होती, आणि बाहेर पडणाऱ्याच्या चेहऱ्यावरून त्याने कोणाचे नाव घेतले असेल याचा अंदाज बांधला जात होता. आत दोन निरीक्षक होते. त्यांनी भावाला चार नावे विचारली, त्याने सांगितली, त्यांनी ती वहीत उतरवली, चहा दिला. सारे मिळून तीन मिनिटे. घरी आल्यावर भावाने एवढेच सांगितले, "दादा, ते नावे पेन्सिलीने लिहीत होते."

यादी आली तेव्हा पॅनेलमधले एक नाव असे निघाले, जे त्या खोलीत कोणीच घेतले नव्हते. निदान नंतर भेटलेल्यांपैकी कोणी घेतल्याचे कबूल तरी केले नाही. हे गृहस्थ वॉर्डात राहतसुद्धा नाहीत. भाऊ नाराज आहे, पण बंडखोरी करणाऱ्यांतला तो नाही. मला मात्र दोन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. कार्यकर्त्यांचे मत पक्षावर बंधनकारक ठरेल असा काही नियम आपल्याकडे आहे का? आणि अमेरिकेत पक्षाचा उमेदवार ठरवायला प्रायमरी होते तसे सेन्सऐवजी सरळ गुप्त मतदान घेतले, तर फरक पडेल, की आम्हाला तेव्हाही नुसते 'मम' म्हणायलाच बोलावतील?

सूरसागर

काका, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचा प्रयोग याच शहरात होऊन गेला आहे, आणि त्याचा शेवट लोक विसरले याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

२०१४ च्या लोकसभा निवडणुकीआधी राहुल गांधी यांच्या आग्रहावरून काँग्रेसने देशातील पंधरा-सोळा मतदारसंघांत उमेदवार प्रायमरीने निवडण्याचे ठरवले. त्यांत बडोदे होते. मतदार म्हणजे सामान्य नागरिक नव्हेत, तर ब्लॉक आणि जिल्ह्याचे पदाधिकारी, पक्षाचे लोकप्रतिनिधी, युवक, महिला व विद्यार्थी शाखांचे प्रतिनिधी वगैरे. त्या मतदानातून नरेंद्र रावत निवडून आले. मार्च महिना होता. त्यानंतर १९ मार्चला भाजपने जाहीर केले की नरेंद्र मोदी वाराणसीबरोबरच बडोद्यातूनही लढतील, आणि काही दिवसांतच रावत बाजूला होऊन पक्षाचे सरचिटणीस मधुसूदन मिस्त्री उमेदवार झाले. मिस्त्री मोठे नेते होते आणि लढाऊही होते. विजेच्या खांबावर चढून मोदींच्या फलकावर आपले पोस्टर लावल्याबद्दल त्यांना अटक झाली, तो प्रसंग अनेकांना आठवत असेल. पण त्यांना कार्यकर्त्यांच्या मतदानाने निवडलेले नव्हते.

निकाल असा लागला: मोदी ८,४५,४६४, मिस्त्री २,७५,३३६, फरक ५,७०,१२८. रावतच उभे राहिले असते तरी निकाल फिरला नसता, हे मान्य. माझा मुद्दा निराळा आहे. मोदींनी बडोद्याची जागा सोडल्यावर सप्टेंबर २०१४ मध्ये पोटनिवडणूक झाली, आणि त्या वेळी काँग्रेसला पुन्हा रावतच आठवले. भाजपच्या रंजनबेन भट्ट यांच्याकडून ते ३,२९,५०७ मतांनी हरले. म्हणजे कार्यकर्त्यांनी निवडलेला माणूस, देश बघत असलेल्या लढतीला अपुरा आणि कोणाचे लक्ष नसलेल्या लढतीला पुरेसा. पक्षाचे गणित त्या दिवशी योग्य असेलही, पण मतदान घेतले असेल तर त्याचा निकाल सोयीनुसार पाळून चालत नाही. तुमच्या भावाच्या बाबतीत वही होती, येथे तर मतपेटी होती. वही काय आणि पेटी काय, शेवटचा शब्द दोन्हीकडे दिल्लीचाच राहिला.

कारेलीबागचा वकील

पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात 'नाही' असे आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मधील कलम २९ अ हे पक्षांच्या नोंदणीविषयी आहे. संविधानावर आणि लोकशाहीवर निष्ठा ठेवू, असे पक्षाला आपल्या घटनेत लिहावे लागते. पण उमेदवार कसा निवडावा याबद्दल कायदा काहीच सांगत नाही. पक्षांतर्गत लोकशाही कायद्याने सक्तीची करावी, अशी शिफारस विधी आयोगाने १९९९ च्या आपल्या १७० व्या अहवालात केली होती. ती अहवालातच राहिली. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये स्पष्ट केले आहे की, काही मोजके अपवाद सोडल्यास, एकदा नोंदलेल्या पक्षाची नोंदणी रद्द करण्याचा अधिकार निवडणूक आयोगाला नाही. त्यामुळे एखाद्या पक्षाने स्वतःची घटना धाब्यावर बसवली, तरी आयोगाच्या हातात फारसे काही उरत नाही.

कायद्याच्या दृष्टीने पक्षाचा उमेदवार कोण, तर ज्याच्या नावाचा बी फॉर्म पोचला तो. लोकसभा आणि विधानसभेसाठी ए फॉर्ममध्ये पक्ष सांगतो की उमेदवारांची नावे कळवण्याचा अधिकार अमुक व्यक्तीला आहे, आणि ती व्यक्ती बी फॉर्ममध्ये नाव कळवते. हे अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत निर्वाचन अधिकाऱ्याकडे पोचले पाहिजेत, आणि तोपर्यंत पक्ष नाव बदलूही शकतो. आपल्याकडे स्थानिक निवडणुकीत ज्याला 'मँडेट' म्हणतात, तो याच जातीचा कागद.

तुमच्या भावाचे पेन्सिलीबद्दलचे निरीक्षण वाचून मला हसू आले, कारण ए आणि बी फॉर्मवरची सही शाईचीच लागते. रबरी शिक्का किंवा छापील सही चालत नाही. कायद्याला पर्वा आहे ती तेवढ्या शाईची.

मांजलपूरचा कार्यकर्ता

वरील सर्व वाचले. मी स्वतः दुसऱ्या एका पक्षात काम करतो आणि मला प्रायमरी नको आहे, हे आधीच सांगून टाकतो. वॉर्डातील तीन-चारशे माणसांनी मतदान करायचे म्हटले, तर ज्याच्याकडे पैसा आहे तो वर्षभर आधीच आपली माणसे सभासद करून ठेवील. त्याच २०१४ च्या प्रयोगात वर्ध्यातून सागर मेघे निवडून आले, म्हणजे खासदार दत्ता मेघे यांचे चिरंजीव. घराणेशाही मोडण्यासाठी आणलेल्या मतपेटीतून घराणेच बाहेर आले. लोकसभेत ते हरले, आणि काही महिन्यांत मेघे कुटुंब भाजपमध्ये गेले. ज्यांनी मते दिली त्या कार्यकर्त्यांनी मग कोणाकडे दाद मागायची?

दुसरे असे की, मतदान न घेताही कार्यकर्त्यांचे म्हणणे वरपर्यंत पोचते, फक्त त्याची वाट वेगळी असते. २०२४ मध्ये रंजनबेन भट्ट यांना तिसऱ्यांदा उमेदवारी मिळाली, तेव्हा माजी महापौर ज्योतिबेन पंड्या यांनी उघड विरोध केला आणि पक्षाने त्यांना निलंबित केले. सावली मतदारसंघाचे आमदार केतन इनामदार यांनी राजीनामा दिला आणि त्याच दिवशी मागेही घेतला. शहरात फलक लागले. शेवटी २३ मार्चला रंजनबेन यांनीच लढण्याची इच्छा नसल्याचे जाहीर केले, उमेदवारी डॉ. हेमांग जोशी यांना मिळाली, आणि ते ५,८२,१२६ मतांनी निवडून आले. मतपत्रिका नव्हती, मतमोजणी नव्हती, तरी उमेदवार बदललाच ना? मागच्या महापालिका निवडणुकीत, २०२१ मध्ये, भाजपने साठीच्या वरचे, तीन वेळा निवडून आलेले आणि नेत्यांचे नातेवाईक यांना उमेदवारी नाही असा नियम लावला. त्यात सेन्समधली कितीतरी लाडकी नावे गळाली असतील. पण पक्षाने ७६ पैकी ६९ जागा जिंकल्या. कार्यकर्त्यांची पसंती आणि मतदारांची पसंती एकच असते, हे गृहीत धरू नका.

सूरसागर

@मांजलपूरचा कार्यकर्ता, तुमचे वर्ध्याचे उदाहरण बिनतोड आहे, ते मी मान्य करतो. रंजनबेन यांच्या उदाहरणातून मात्र मी नेमका उलटा अर्थ काढतो. ज्या कोणी फलक लावले त्यांचा आवाज पोचला. काकांचे बंधू जिन्यावर साडेचार तास थांबून रीतसर आत गेले, त्यांचा पोचला नाही. शिस्त पाळणाऱ्याला ऐकण्याची सोय असावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

राजवाडा, इंदूर

आमच्याकडे याला 'रायशुमारी' म्हणतात आणि तिची गत तुमच्या सेन्ससारखीच आहे. मी लिहितोय ते ताईंच्या आठवणीने. सुमित्रा महाजन १९८९ पासून सलग आठ वेळा इंदूरहून निवडून आल्या. २००९ मध्ये तर केवळ ११,४८० मतांनी, तरी पुढच्या खेपेला फरक साडेचार लाखांच्या वर गेला. २०१९ मध्ये भाजप बरेच दिवस इंदूरचे नाव जाहीर करीना. अखेर एप्रिलमध्ये ताईंनीच पत्र काढले की पक्षाला निर्णय घेण्यात संकोच वाटत असेल तर मला लढायचे नाही, पक्षाने मोकळेपणाने निर्णय घ्यावा. रामबागेत आणि लोकमान्य नगरात मराठी घरांतून त्या दिवशी दुसरा विषय नव्हता. त्यांना थांबवणे चूक की बरोबर यावर आमच्याच घरात दोन तट होते. पण आठ वेळा निवडून आलेल्या माणसालाही आपल्याबद्दल काय ठरले आहे हे कळू नये, हे मात्र दोन्ही तटांना खटकले.

अकोट्याची आजी

दांडियाबाजारकर भाऊ, तुम्ही अमेरिकेचे नाव काढले म्हणून लिहिते. माझी लेक न्यू जर्सीत असते आणि २०२४ चा उन्हाळा मी तिच्याकडे काढला. तिकडची प्रायमरी सरकारी यंत्रणा घेते, पक्ष नव्हे, हा पहिला मोठा फरक. मतदान गुप्त, मतदार सामान्य नागरिक, आणि जिंकणाऱ्याचे नाव कायद्यानेच मतपत्रिकेवर येते.

तरीही वरच्यांनी हात घालायचा तेथे घातलाच होता. त्या राज्यात बहुतेक ठिकाणी जिल्ह्याच्या पक्षाने ज्यांना पाठिंबा दिला त्यांची नावे मतपत्रिकेवर एका सरळ रांगेत, मोठ्या उमेदवारांच्या सोबत छापत, आणि बाकीच्यांना कुठेतरी कडेला टाकत. लेकीने मला जुनी नमुना मतपत्रिका दाखवली, तर शेवटच्या उमेदवाराचे नाव शोधायला मला चष्मा काढून पुसावा लागला. त्या वर्षी सिनेटच्या जागेसाठी गव्हर्नरांच्या पत्नी टॅमी मर्फी उभ्या होत्या आणि पक्षाचे बडे जिल्हाध्यक्ष त्यांच्यामागे होते. समोर त्याच पक्षाचे खासदार अँडी किम. पण मॉनमाउथ या मर्फींच्या स्वतःच्या जिल्ह्यात पक्षाच्या प्रतिनिधींनी मतदान केले, तेव्हा किम जिंकले. मार्चमध्ये मर्फींनी माघार घेतली, त्याच महिन्यात किम यांच्या दाव्यावर न्यायालयाने डेमोक्रॅटिक पक्षाच्या त्या प्रायमरीपुरती ही रांगेची पद्धत थांबवली, आणि जूनमध्ये किम यांनी प्रायमरी जिंकली. तेव्हा मतदानाने फरक पडतो, पण मतपत्रिका कोण छापतो तेही बघावे लागते.

आणि सूरसागर यांना सांगते, तुमच्या बडोद्यासारखेच तिकडेही घडले. बायडेन यांनी राज्याराज्यांतल्या प्रायमरी जिंकल्या होत्या, तरी २१ जुलैला ते बाजूला झाले आणि कमला हॅरिस यांना पक्षाच्या प्रतिनिधींनी उमेदवार केले. जावई दोन दिवस चिडलेला होता. लेक म्हणाली, बरे झाले. मी भाजी चिरत गप्प बसले होते.

दांडियाबाजारकर

सर्वांचे आभार. वकीलसाहेबांचे उत्तर मी भावाला मोठ्याने वाचून दाखवले. शाईचे वाक्य त्याने दोनदा वाचायला लावले. मतदान घ्यावे की नाही यावर त्याचे मत मांजलपूरच्या सभासदांसारखेच निघाले, याचे मला नवल वाटले. सभासद विकत घेतले जातील, असे तोही म्हणाला. त्याला हवे आहे ते फार कमी: आत कोणाचे नाव किती जणांनी घेतले, एवढा आकडा यादीबरोबर वॉर्डाच्या कचेरीत लावावा. मग वरून कोणालाही द्या, पण आम्हाला काय म्हणायचे होते ते भिंतीवर राहू द्या. पुढच्या सेन्सला निरीक्षकांकडे हेच मागणार आहे, आणि पेनही घेऊन जाणार आहे.

बाकी आज त्याच्याशी जास्त बोलणे झाले नाही. उद्या सकाळी सातला त्याला पोळांमधून, म्हणजे जुन्या शहरातल्या गल्ल्यांमधून, मतदारांच्या स्लिपा वाटायच्या आहेत, चारही उमेदवारांच्या. त्या चौथ्या गृहस्थांचा फोटो स्लिपेवर सर्वांत मोठा छापला आहे, एवढे तो जाता जाता म्हणाला.