बस्ता मेन रोडला की कॉलेज रोडला?

पाथर्डीफाटा_सूनबाई:
नमस्कार मंडळी, लग्न होऊन नाशकात आले त्याला दोन वर्षं झाली. आता दिरांचं लग्न ठरलंय आणि सासूबाईंचं एकच, बस्ता, सोनं, भांडी सगळं गावात घ्यायचं. गावात म्हणजे मेन रोड, सराफ बाजार. मी म्हटलं कॉलेज रोडला सगळे ब्रँड आहेत, एसी आहे, तर म्हणे "तिथे आमच्या वेळी पोरं कॉलेजला जायची, बस्ता बांधायला कोण जायचं?" मागे एकदा गेले होते तर दहीपुलापाशी अर्धा तास अडकले, एवढ्या अरुंद रस्त्याचं एवढं काय कौतुक आहे ते कुणी सांगेल का?

गावातला_म्हातारा:
ताई, सासूबाई बरोबर बोलतायत. ज्याच्यावरून कॉलेज रोड नाव पडलं ते एचपीटी कॉलेज १९२४ चं, पण त्या रोडवर शोरूम लागले ते फार अलीकडे, आधी नुसते बंगले होते. मेन रोड नीट कळायचा असेल तर गंगेवरून चढून या. (नवीन असाल म्हणून सांगतो, नाशकात गोदावरी कुणी म्हणत नाही, गंगाच.) वर आलात की गल्ल्यांची नावंच वाचत चला, कापडपेठ, भांडी बाजार, सराफ बाजार, हुंडीवाला लेन, तांबट लेन. जो धंदा तेच नाव. यात्रेकरू आला, रामकुंडावर आंघोळ केली, जाताना तांब्याचा गडू घेतला, असा तो बाजार वाढला. मधेच सरकारवाडा लागेल, पेशव्यांच्या काळातला, लाकडावरचं कोरीव काम बघायला तरी पाच मिनिटं थांबा, सगळे त्याच्याकडे पाठ करून अंगठ्या बघत असतात. दहीपूल म्हणाल तर तो खरंच पूल आहे, खालून सरस्वती नाला जातो, आता वरून काही कळत नाही. पुढे मेन रोड, धुमाळ पॉइंट, तिथून रविवार कारंज्याला चांदीच्या गणपतीला हात जोडायचे आणि घरी. आमच्या आईचा बस्ता म्हणजे हा एवढा फेरा, मधे रसाचा एक ग्लास, आणि सगळीकडे ओट्यावर मांडी घालून बसायचं, उभं राहून कुणी काही घेत नसे.

सिडको_बुलेट:
काका सगळं खरं पण गाडी कुठे लावायची ते सांगा ना 😄 मागच्या महिन्यात टो झाली माझी

गावातला_म्हातारा:
गंगेवर लाव आणि चालत ये. पावसाळ्यात मात्र लावू नको, पुरात वाहून गेलेली गाडी शोधत पार खाली सायखेड्याकडे जावं लागेल.

तांबटआळी:
पावसाळ्याचा विषय निघालाच आहे तर. आमचा भांडी बाजारात छोटा गाळा होता म्हणून सांगते, तो बाजार अजून नदीच्या हिशेबानेच चालतो. गंगेच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं की बाबा फक्त बाहेर येऊन बघायचे, छातीला लागलं की खालचा माल माळ्यावर चढवायला घ्यायचे, आणि काठावरच्या नारोशंकर मंदिराच्या घंटेपर्यंत गेलं की मग शटर ओढून घरी. १९६९ च्या महापुराच्या गोष्टी आजीकडून ऐकल्या होत्या पण २ ऑगस्ट २०१६ मी स्वतः बघितला, पाणी गंगेकडून तर आलंच शिवाय नाल्यातून, गटारातून उलटं वर आलं, सराफ बाजारात दुकानांमधे शिरलं. तांब्याला पाण्याने काही होत नाही हो, पण गाळ आत जाऊन बसतो, घागरीत हात घालून चिंच लावून आम्ही चार दिवस घासत होतो, बोटं काळी. वह्या गेल्या त्या गेल्याच. आणि २०१९ ला परत तेच. तरी आठवड्याभरात सगळ्यांची दुकानं उघडी, कारण गिऱ्हाईक ठरलेलं असतं, आजीने समई घेतली त्याच दुकानात नात येते, तिथे कोपऱ्यात बसलेल्या आजोबांना घर माहीत असतं. कॉलेज रोडचा सेल्समन दर सहा महिन्यांनी बदलतो, त्याला काय ओळख असणार. फक्त एक, रंगपंचमीला येऊ नका, तांबट लेनमधे रहाड असते, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेला मोठा हौद, पैठणी घेऊन आत पडाल 😂

सिडको_बुलेट:
माझं मत, लेहंगा-शेरवानी कॉलेज रोड, भांडी आणि सोनं गावात. गावात घासाघीस तरी करता येते.

पाथर्डीफाटा_सूनबाई:
सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं, खूश आहेत. विचारतायत तांब्याचं घंगाळ किती किलोचं घ्यावं?

तांबटआळी:
घंगाळ नका घेऊ, फ्लॅटमधे ठेवणार कुठे, शेवटी त्यात झाड लावतात लोकं. पितळेची समईची जोडी घ्या, बुड जड बघून, आणि वजन डोळ्यासमोर करायला लावा. शनिवार-रविवार सोडून सकाळी या, अकराच्या आत.