रंगापेक्षा लाकूड बघा

सिगारबरोबर व्हिस्की घ्यायची तर शेरी कास्कमधली, म्हणजे शेरी ही स्पॅनिश वाइन मुरलेल्या पिंपातली घ्या, आणि जितकी गडद तितकी चांगली, असं बरेच जण सांगतात. शेरी कास्कबद्दल सहमत, रंगाबद्दल अजिबात नाही. स्कॉचमध्ये कॅरॅमल रंग घालायला कायद्याने मुभा आहे, त्यामुळे तो गडदपणा पिंपातूनच आलाय याची खात्री नसते. बाटलीवर 'नॅचरल कलर' असेल तरच रंगावर विसंबावं.

खरा फरक लाकडाचा. पूर्वी शेरी पिंपांतून ब्रिटनला जायची आणि रिकामी पिंपं व्हिस्कीवाल्यांना मिळायची. १९८०च्या दशकात शेरी स्पेनमध्येच बाटलीबंद होऊ लागली आणि तो पुरवठा आटला. आता बहुतेक पिंपं व्हिस्कीसाठीच बनवून, वर्ष-दोन वर्षं शेरी भरून मुरवलेली असतात. त्यातही पिंपाचं लाकूड युरोपियन ओक असेल तर चवीत सुकामेवा, लवंग आणि जिभेवर रेंगाळणारा तुरटपणा. अमेरिकन ओक असेल तर व्हॅनिला, नारळाचा गोडवा. जोरकस सिगारला पहिला प्रकार, सौम्य कनेटिकट रॅपरच्या (बाहेरून फिकट पान गुंडाळलेल्या) सिगारला दुसरा. डॅलमोर या स्कॉच कंपनीची 'सिगार माल्ट' व्हिस्कीसुद्धा निव्वळ शेरीच्या पिंपांतली नाही, त्यात बर्बन (अमेरिकन व्हिस्की) आणि कॅबर्ने सोव्हिन्यॉन या रेड वाइनची पिंपंही आहेत.

आणि स्ट्रेंग्थ विसरू नका. ४० टक्के अल्कोहोलची व्हिस्की धुरापुढे पार पातळ वाटते. मला ग्लेनफार्क्लास १०५ ही स्कॉच फार आवडते: ६० टक्के, त्यामुळे हवं तसं पाणी घालता येतं. शेवटच्या तिसऱ्या भागात सिगार तापून कडवट व्हायला लागली की ग्लासात चार थेंब पाणी टाका, मनुकांचा गोडवा लगेच वर येतो.