मदत हवी आहे: वहीतली मावशी टॅबलेटवर पुतळा होते

नमस्कार मंडळी,

शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिली आणि कुंचला ठेवून दिला, तो वीस वर्षांनी परत हातात घेतलाय. तोही प्लॅस्टिकचा. स्क्रीन नसलेला साधा पेन टॅबलेट, लॅपटॉपवर क्रिटा हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर (फुकट आहे आणि मला पुरून उरतं). नोकरी हिशेबाची, राहायला कोथरूड.

रविवारी सकाळी मंडईत जाते. भाजी घेऊन झाली की एका पायरीवर बसून वहीत पेनाने भराभर चित्रं काढते. मागच्या रविवारी कोथिंबिरीच्या जुड्या बांधणारी एक मावशी काढली. डाव्या मुठीत जुडी, उजव्या हातात सुतळी, सुतळीचं एक टोक दातात. अंगठा चुकलाय, नाक तर नाहीच, पण बांधतानाचा तो झटका बरोबर उतरलाय. दोन मिनिटांचं काम.

घरी येऊन त्याचा फोटो क्रिटात टाकला, वर नवा लेयर (पारदर्शक थर) घेतला आणि गिरवलं. चार तास लागले. रेषा गुळगुळीत, सगळीकडे एकाच जाडीची, कुठे फट नाही. आणि मावशी साडीच्या दुकानातल्या पुतळ्यासारखी! मग एअरब्रशने (फवाऱ्यासारखा मऊ ब्रश) गालाला, दंडाला, पदराला मऊ छटा दिल्या, तर पुतळ्याला घाम फुटला. नवऱ्याने मागून डोकावून विचारलं, "कुठल्या बँकेची जाहिरात?"

माहितीसाठी: कॅनव्हास ए-फोर, ३०० डीपीआय, म्हणजे २४८० बाय ३५०८ पिक्सेल. स्टॅबिलायझर (हाताची थरथर घालवून रेषा गुळगुळीत करणारी सोय) भरपूर वाढवलेला. गिरवताना झूम ३०० टक्के. रेषा काळी कुळकुळीत.

रेषा मोकळी सोडून पाहिली, पण मग फटी राहतात आणि बादलीने (बंद आकारात एका क्लिकला रंग भरणारं साधन) रंग ओतला की पानभर सांडतो. म्हणून परत सगळं बंद करत बसते. यातून मार्ग काय? आणि सावल्या कशा द्यायच्या? "सराव करा" एवढंच कृपया सांगू नका, तो चालूच आहे.

प्रतिसाद १

ताई, गिरवणं बंद करा. वहीत तुम्ही मावशीचा हात बघत होतात, घरी तुम्ही स्वतःचीच जुनी रेषा बघताय. रेषेवरून घसरायचं नाही ही धास्ती असली की हात आखडतो, आणि ते दिसतं.

फोटो कोपऱ्यात छोटा करून ठेवा आणि कोऱ्या लेयरवर पहिल्यापासून काढा. जमलं नाही तर तो लेयर लपवा, पुन्हा काढा. तीन-चार वेळा. त्यातलं जिवंत वाटेल ते घ्या आणि नको त्या रेषा खोडरबराने कमी करा. कच्चं रेखाटन साफ केलं की तेच फायनल. वेगळं 'लाइन आर्ट' काढायलाच हवं असं कुणी सांगितलं?

झूम इतकाच ठेवा की अख्खं चित्र दिसेल. लांब रेषा मनगटातून नाही, खांद्यातून. स्टॅबिलायझर काढून 'बेसिक' या साध्या पर्यायावर या. मधूनमधून कीबोर्डवर एम दाबा, चित्र आरशातल्यासारखं उलटं दिसतं आणि वाकडं असेल ते लगेच खुपतं.

अजून एक. टॅबलेटची चौकट सोळा-दहा आणि लॅपटॉपची सोळा-नऊ असेल तर काढलेलं वर्तुळ स्क्रीनवर आडवं पसरतं. ड्रायव्हरमध्ये प्रमाण जुळवून घ्या. मी सहा महिने स्वतःच्या हाताला शिव्या देत होतो.

प्रतिसाद २

रविवारी सकाळी मंडईत पायरीवर बसायला जागा मिळते? आधी ती कुठली पायरी ते सांगा, चित्राचं नंतर बघू.

प्रतिसाद ३

बादलीचा मोह सोडा. बादलीला कुंपण लागतं, म्हणून तुम्ही रेषेला कुंपण करून टाकलंत. रेषेच्या खाली वेगळा लेयर घ्या, लॅसोने (मोकळ्या हाताने भाग निवडायचं साधन) अंदाजे आकार घेरा आणि त्यात सपाट रंग भरा. रेषेला चिकटून जाऊ नका. कुठे रंग बाहेर येऊ दे, कुठे पांढरी चीर राहू दे. पदराचा आकार रंगाने सांगितला की रेषेवरचा अर्धा भार उतरतो, ती तुटली तरी चालते. घडी जिथे वळते किंवा वजन जिथे पडतं, कोपराखाली, जुडीच्या बुडाशी, तिथे रेषा जाड. उजेडाकडे बारीक, नाहीतर नाहीच.

रंग चारच घ्या. त्यांच्या वर काळ्या रंगाने भरलेला एक लेयर ठेवून त्याचा मोड (खालच्या रंगांत मिसळायची पद्धत) 'कलर' करा, सगळं चित्र करडं दिसेल. साडी आणि कोथिंबीर एकाच करड्यात बुडाली तर एक रंग फिका करा. तपासून झालं की तो लेयर बंद.

सावलीला एअरब्रश नको. रंगांच्या वर एक लेयर, मोड मल्टिप्लाय (खालचा रंग गडद करतो), त्यात एकच फिका रंग, कडा धारदार. मावशी ताडपत्रीखाली बसली होती का? निळी असेल तर सावलीचा रंगही तिच्याकडूनच घ्या, निळसर जांभळा. काळ्या-करड्याने कातडी मळकट दिसते.

आणि जमलं तर आप्पा बळवंत चौकाच्या बाजूला जुन्या पुस्तकवाल्यांकडे जुने दिवाळी अंक चाळा. चित्रकार दीनानाथ दलालांची रेषा कुठे थांबते ते बघा. व्यंगचित्रकार शि. द. फडणीसांच्या 'मोहिनी' मासिकाच्या मुखपृष्ठांवर सपाट रंगात किती काम होतं तेही.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. पायरी सांगणार नाही.

प्रमाण खरंच चुकलेलं होतं! ते जुळवलं आणि मावशी पाच वेळा काढली. चौथी ठेवली. चाळीस मिनिटांत रंगासकट झाली. ताडपत्री निळीच होती, मला आठवतही नव्हतं, वहीच्या कोपऱ्यात 'निळं छप्पर' लिहिलेलं सापडलं. रेषेच्या लेयरचा अल्फा लॉक करून (म्हणजे नवा रंग फक्त काढलेल्या रेषेवरच चढतो) काळ्याऐवजी गडद तपकिरी केलं, त्याने चेहरा एकदम मऊ पडला. सुतळी रेषेने काढलीच नाही. हिरव्यावर फिकट पिवळ्याचा एकच फटकारा, दातापासून मुठीपर्यंत.

आता नवीन अडचण. मागे मंडईची अष्टकोनी इमारत घातली तर सगळे डोळे तिकडे जातात. काढून टाकू का?

प्रतिसाद १

काढू नका. तिची रेषा पुसा आणि एकाच फिक्या रंगात नुसता आकार ठेवा. पुण्याचा माणूस शिखरावरून ओळखेल.

प्रतिसाद २

आम्ही पायरीवरून ओळखू.