जुना फोर बाय फोर पिकअप: आधीच उंच केलेला घ्यावा की मूळ स्थितीतला?

माळरान यांचा प्रश्न:

नमस्कार. गेली काही वर्षे मित्रांच्या गाड्यांत शेजारी बसून चिखल आणि दगडधोंडे अनुभवले. आता स्वतःचा जुना फोर बाय फोर पिकअप घ्यायचे ठरवले आहे. दोन गाड्या पाहून ठेवल्या आहेत. दोन्ही डिझेलवर चालणाऱ्या आणि डबल कॅबच्या आहेत, दोन्हींना पुढे स्वतंत्र सस्पेन्शन (प्रत्येक चाक वेगळे वरखाली होणारे) व मागे पाट्यांच्या स्प्रिंगवर बसवलेला अखंड ॲक्सल आहे, आणि दोन्हींत लो रेंज (हळू पण जास्त जोराने चालण्याचे गिअर) आहे. पहिली १,२०,००० किलोमीटर चाललेली असून आधीच्या मालकाने ती सुमारे १०० मिलिमीटर उंच केली आहे. शिवाय रुंद मड टायर, लोखंडी बंपर, विंच (दोर गुंडाळून गाडी ओढणारे यंत्र) आणि टपावर दिव्यांची पट्टी असा सगळा साज आहे. दुसरी १,९०,००० किलोमीटर चाललेली, कुठलाही बदल न केलेली, टायर संपत आलेली आणि दिसायला अगदीच साधी आहे. पहिली महाग आहे, परंतु तिच्यावरचे सामान मी स्वतंत्रपणे घेऊ गेलो तर दोन्हींच्या किमतीतल्या फरकापेक्षा खर्च जास्त होईल. गाडी रोजच्या कामालाही लागणार आहे आणि महिन्यातून एकदोनदा कच्च्या वाटेवर जाईल. कोणती घ्यावी, आणि दुसरी घेतल्यास बदल कोणत्या क्रमाने करावेत?

ग्रीसगन यांचे उत्तर:

किलोमीटरच्या आकड्यावर एवढ्यात काही ठरवू नका. इंजिन उतरवून दुरुस्त करता येते, गिअरबॉक्स बदलता येतो. शॅसी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, गंजाने आतून खाल्ली गेली असेल, तर मात्र ती गाडी सोडून द्यावी. जुने कपडे घालून जा, टॉर्च आणि छोटी हातोडी न्या आणि गाडीखाली आडवे व्हा. मागच्या ॲक्सलवरून शॅसी जिथे वळण घेऊन वर चढते आणि पाट्यांचे हँगर जिथे वेल्ड केलेले असतात, तिथे पोकळीत चिखल साचून राहतो व गंज आतून बाहेर येतो. हलकेच ठोकून पाहा: निरोगी पत्रा खणखणीत वाजतो, सडलेला बद्द वाजतो. विकण्यापूर्वी खालून काळा रंग ताजा मारलेला दिसला, तर त्या रंगाखाली काय दडवले आहे असा प्रश्न पडलाच पाहिजे.

त्यानंतर पुढच्या व मागच्या दोन्ही डिफरन्शियलचे (डाव्या-उजव्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरचे) ऑईल पाहा. भरण्याचा बोल्ट काढून बोट आत घाला. ऑईल दुधाळ निघाले, तर गाडी पाण्यात उतरली आहे आणि पाणी आत शिरले आहे. बोटावर बारीक चमक कोणत्याही गाडीत थोडीफार दिसते, पण नखाने उचलता येईल असा कण सापडला तर दात तुटू लागले आहेत असे समजा. पुढच्या सीव्ही जॉइंटचे (वळणाऱ्या चाकांपर्यंत जोर पोहोचवणाऱ्या सांध्यांचे) रबरी बूट घडी उघडून तपासा, कारण चीर नेहमी घडीच्या तळाशी असते. मग स्टीअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू चालवा. टकटक ऐकू आली, तर जॉइंट गेला आहे.

फोर व्हीलची चाचणी मात्र मातीवर किंवा खडीवर घ्या, कोरड्या डांबरावर नव्हे. अशा पार्ट टाइम (गरजेपुरतीच फोर व्हील जोडणाऱ्या) प्रकारच्या ट्रान्सफर केसमध्ये, म्हणजे पुढे-मागे जोर वाटणाऱ्या गिअरपेटीत, पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडले जातात. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, आणि चाकांना घसरायला वाव मिळाला नाही की तो फरक ताण होऊन शाफ्टमध्ये साठत जातो. लो रेंज टाकून ती परत निघते की नाही हेही पाहा. वर्षानुवर्षे न वापरलेला लिव्हर अनेकदा जाम झालेला असतो. आणि इंजिन थंड असतानाच पहिल्यांदा सुरू करायला सांगा. तुम्ही पोहोचण्याआधीच विक्रेत्याने ते गरम करून ठेवले असेल, तर पुन्हा दुसऱ्या दिवशी जा.

तिसरा_गिअर यांचे उत्तर:

माझे मत स्पष्टपणे दुसऱ्या गाडीच्या बाजूने आहे, आणि त्याचे कारण ते १०० मिलिमीटर आहेत. स्वतंत्र सस्पेन्शनची गाडी केवळ स्पेसर (स्प्रिंगपाशी बसवायचा ठोकळा) घालून एवढी उंच केली, तर सीव्ही जॉइंट कायम तिरक्या कोनात फिरतात, चाक खाली लटकायला जागा उरत नाही आणि अलाइनमेंट मर्यादेत बसत नाही. मी स्वतः हौसेने हा प्रकार करून पाहिला होता. पहिल्या वर्षातच दोन्ही बाजूंचे बूट फाटले आणि पुढचे टायर आतल्या कडेने झिजून तारा दिसू लागल्या. ब्रॅकेट बसवून डिफरन्शियल आणि खालचे आर्म खाली घेतले असतील तर कोन सुधारतात, पण मग पुढचे पोटही खालीच येते. शिवाय सस्पेन्शन कितीही उचलले तरी मागचा अखंड ॲक्सल जमिनीपासून जितका होता तितकाच राहतो. त्याच्या मधल्या, डिफरन्शियलच्या गोळ्याखालची जागा फक्त टायरने वाढते.

हिशोब करून पाहा. २४५/७० आर १६ टायरचा व्यास सुमारे ७४९ मिलिमीटर असतो आणि २६५/७५ आर १६ चा सुमारे ८०४. म्हणजे ॲक्सलखाली २७ मिलिमीटर मिळाले. पण व्यास सात टक्क्यांनी वाढल्यामुळे स्पीडोमीटर ६० दाखवत असताना गाडी ६४ च्या आसपास धावते आणि पहिल्या गिअरमधली रांगण्याची ताकद त्याच प्रमाणात घटते. त्यापुढचे मोठे टायर म्हणजे गिअरिंग, ब्रेक आणि चाकांच्या खोबणीची कापाकापी यांचा नवा खर्च.

क्रमाविषयी: आधी सर्व ऑईल, बुश आणि ब्रेक. मग चांगले ऑल टेरेन टायर, हवेचा मापक आणि छोटा कॉम्प्रेसर. रस्त्यावरची ३२ पीएसआय हवा खडकाळ वाटेवर २० पर्यंत उतरवली, तरी टायर दगडाभोवती असा बसतो की तीच गाडी आहे हे पटत नाही. त्यानंतर मागचा डिफरन्शियल लॉक. साधे डिफरन्शियल दोन्ही चाकांना नेहमी सारखाच टॉर्क देते. एक चाक हवेत लटकले की त्याला फिरवायला जवळजवळ काहीच जोर लागत नाही, आणि जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच, म्हणजे जवळजवळ शून्य जोर मिळतो. लॉक दोन्ही चाके एकमेकांना जखडून हा प्रश्न मुळातूनच सोडवतो. उंची ४० ते ५० मिलिमीटर, तीही सर्वात शेवटी आणि योग्य स्प्रिंग लावून. दिव्यांच्या पट्टीबद्दल बोलायचे कारण नाही.

एकटा_टायर यांचे उत्तर:

गाडीच्या निवडीबाबत सहमत आहे, परंतु लॉकच्या आधी बाहेर काढण्याचे सामान घ्यावे असे मला वाटते. लॉक असलेली गाडी अडकते तेव्हा ती आणखी पुढे जाऊन, आणखी वाईट जागी अडकते. शॅसीला बोल्टने बसवलेले, क्षमता नमूद केलेले हुक पुढे आणि मागे असलेच पाहिजेत. ट्रेलर ओढण्याच्या गोळ्याला पट्टा अडकवून अडकलेली गाडी कधीही खेचू नका. झटक्याने तो गोळा तुटला की तोफेच्या गोळ्यासारखा काच फोडून आत येतो, आणि यात माणसे दगावली आहेत.

विंच घ्यायचीच असेल, तर भरलेल्या गाडीच्या एकूण वजनाच्या दीडपट क्षमतेची, म्हणजे २,९०० किलोच्या गाडीला किमान ४,३५० किलोची घ्यावी. मात्र लोखंडी बंपर आणि विंच मिळून शंभर किलोच्या घरातले वजन पुढच्या चाकांच्याही पुढे टांगले जाते, हे ध्यानात असू द्या. पहिल्या गाडीत मूळ स्प्रिंगवर स्पेसर ठेवून वर हे ओझे दिले असेल, तर तिचे नाक दबलेले असणार. बहुतेक वेळा फावडे, दोन ट्रॅक्शन बोर्ड (अडकलेल्या चाकाखाली घालायच्या खाचांच्या फळ्या) आणि सोबत दुसरी गाडी एवढ्यावर काम भागते.

माळरान यांचे उत्तर:

सर्वांचे आभार. काल दोन्ही गाड्यांखाली झोपून आलो. पहिलीत स्पेसरच निघाले, उजव्या बाजूचा बूट घडीत चिरलेला आहे आणि ग्रीस आर्मवर उडालेले आहे. मागच्या डिफरन्शियलचे ऑईल दुधाळ होते. मालकाने ते हसण्यावारी नेले. दुसरीची शॅसी सगळीकडे खणखणीत वाजते, ऑईल काळे पण स्वच्छ आहे आणि लो रेंज थोडा जोर लावल्यावर पडली. फक्त मागच्या पिनियनच्या (डिफरन्शियलमध्ये शाफ्ट जिथे शिरतो तिथल्या) सीलमधून ऑईल झिरपून डिफरन्शियलचे तोंड ओले झाले आहे. सील बदलून देण्याच्या अटीवर तिचा व्यवहार ठरवत आहे.

ग्रीसगन यांचे उत्तर:

सील बदलण्याआधी ॲक्सलवरचा ब्रीदर (आतली हवा ये-जा करू देणारे छोटे तोंड) उघडून फुंकून पाहा. तो मातीने बुजला असेल, तर चालताना आतली हवा तापून दाब वाढतो आणि ऑईल सीलमधून बाहेर पडते. तसे असेल तर नवे सीलही तसेच गळू लागेल. तोच गरम ॲक्सल ओढ्यात उतरला की आतली हवा आकसते, आणि ब्रीदर बंद असल्याने सीलच्या वाटेने पाणी आत ओढले जाते. पहिल्या गाडीचे दुधाळ ऑईल बहुधा असेच झाले असावे. ब्रीदर साफ करून त्याला रबरी नळी जोडा आणि तिचे टोक मागच्या हौद्याच्या कडेपर्यंत वर नेऊन बांधा. अर्ध्या तासाचे काम आहे.